अडुसष्ट बॅगा आणि दहा महिने

अठरा नोव्हेंबरला संध्याकाळी साडेपाच वाजता मी परिषदेची नोंदणी बंद केली, तेव्हा माझ्याकडे एक लाख पस्तीस हजार नऊशे पन्नास एवढी रक्कम जमा होती. पाहुणे अडुसष्ट, माणशी शुल्क दोन हजार. म्हणजे पन्नास कमी. शोध घेतला तर एका प्राध्यापकांनी अर्जाला चिठ्ठी जोडलेली सापडली: ‘परिषदेत मिळणारी कापडी पिशवी मला नको, तिचे पन्नास वजा केले आहेत.’ परिषद ‘व्यक्तिभेदांचे मानसशास्त्र’ या विषयावर होती. मी वाणिज्य शाखेचा, मला त्यातलं काही कळत नाही. पण सदुसष्ट जण दोन हजार भरतात आणि एक जण पिशवी वजा करतो, एवढ्यावरून विषय साधारण लक्षात आला.

हे मी लिहितोय ते मात्र त्या प्राध्यापकांबद्दल नाही. आमच्या विभागाच्या प्रयोगशाळेत परिचर होते, त्यांच्याबद्दल आहे. त्यांना सगळे मामा म्हणत. विद्यार्थी म्हणत, विद्यार्थ्यांचे वडील म्हणत, खुद्द त्यांचा जावईसुद्धा चुकून दोनदा म्हणाला होता. अंगाने बारीक, आवाज खालचा, खिशात कायम एक पेन्सिल आणि एक मोठा रुमाल. मी या कार्यालयात हिशेबनीस म्हणून आलो त्याच्या आधीपासून ते तिथे होते.

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रत्येक चाचणी करून बघायला एक माणूस लागतो. मित्र कबूल करून येत नाहीत, बहिणी भाव खातात. मग विद्यार्थी मामांकडे येत. मामा हात पुसून खुर्चीवर बसत आणि विचारत, “आज कसा पाहिजे? शांत, का चिडका?”

विद्यार्थ्याला वाटायचं, थट्टा करतायत. थट्टा नसायची. कोणत्या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं की चिडकेपणाचे गुण वाढतात, कोणता प्रश्न खोटं बोलणाऱ्याला पकडायला मधेच घातलेला असतो, सगळं त्यांना पाठ होतं. एका वर्षी ते एकाच आठवड्यात तीन विद्यार्थ्यांच्या वह्यांत अनुक्रमे अतिशय लाजाळू, अतिशय धाडसी आणि ‘संतुलित’ निघाले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिघांनाही चांगले गुण दिले. मामींच्या कानावर हे गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, “घरी येताना कोणता आणताय तेही आधी कळवत जा. त्या हिशेबाने बोलीन.”

परिषदेच्या त्या दिवसांत मामांपुढे एक प्रश्न होता आणि तो मला महिन्या-दिवसांसकट माहीत होता, कारण त्यांचं सेवापुस्तक माझ्याच कपाटात असे. पहिली सात वर्षं ते रोजंदारीवर होते. ती धरत नाहीत. कायम झाल्यापासून मोजलं तर एकतीस जानेवारीला, म्हणजे निवृत्तीच्या दिवशी, त्यांची सेवा एकोणतीस वर्षं दोन महिने भरणार होती. पूर्ण पेन्शनला तीस वर्षं लागतात. दहा महिने कमी पडत होते आणि त्या दहा महिन्यांपायी पेन्शन पाऊणच बसणार होती. उपाय एकच, मुदतवाढ. ती देण्याचा अधिकार विभागप्रमुखांना होता, अट एवढीच की आधीच्या बारा महिन्यांत कर्मचाऱ्याला लेखी ताकीद मिळालेली नसावी. मामांचा अर्ज ऑक्टोबरपासून विभागप्रमुख मॅडमच्या टेबलावर, काचेच्या गोळ्याखाली होता. मॅडम म्हणाल्या होत्या, “परिषद नीट पार पडू दे. मग बघू.”

मॅडमचाही या परिषदेत जीव अडकला होता. अकरा वर्षं खपून त्यांनी ‘सहवास मापनी’ नावाची साठ प्रश्नांची चाचणी तयार केली होती. दोन माणसांनी ती वेगवेगळी सोडवायची. मग त्या दोघांचं एका खोलीत किती टक्के जमेल ते मापनी सांगणार. विद्यार्थ्यांना सुट्टी असल्यामुळे वसतिगृह रिकामं होतं. चौतीस खोल्या, खोलीत दोन खाटा, बरोबर अडुसष्ट माणसं. मॅडमनी ठरवलं, पाहुण्यांना मापनीप्रमाणे खोल्या द्यायच्या, तिसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकाकडून सोबत्याला दहापैकी गुण घ्यायचे, आणि दुपारी शेवटच्या सत्रात तोच निबंध वाचायचा.

आधी एक छोटी चाचणी घेतली. त्यासाठी मॅडमनी मला आणि आमच्या ग्रंथपालांना निवडलं. आमचं चौऱ्याण्णव टक्के जमलं. शनिवारी आम्ही खोली नंबर पाचमध्ये राहायला गेलो. मी नीटनेटका माणूस आहे, ग्रंथपाल माझ्याहून. मी चपला दाराच्या उजव्या बाजूला ठेवतो, तेही उजव्याच बाजूला ठेवतात. खिडकी मला चार बोटं उघडी लागते, त्यांना दोन. मी टेबलावरचे कागद कडेला समांतर लावले, ते त्यांनी उठून पुन्हा त्यांच्या पद्धतीने समांतर लावले. रविवारी सकाळी ते मला म्हणाले, “तुमच्या घरचे कसे राहतात हो तुमच्याबरोबर?” मी त्यांना विचारणारच होतो, पण ते अविवाहित आहेत. पुढचे दोन महिने आम्ही एकमेकांना पुस्तकांची बिलं शिपायाकरवी पाठवली.

मॅडम म्हणाल्या, “एका जोडीवरून निष्कर्ष काढायचा नसतो.” ते मला पटलं. एका पावतीवरून मीही काढत नाही.

मग अडुसष्ट पाहुण्यांची उत्तरं टपालाने आली आणि मॅडमनी ती संगणकात भरली. दुसऱ्या दिवशी मला आत बोलावलं. टेबलावर मोठाच्या मोठा तक्ता पसरला होता.

“भाऊसाहेब, तुम्ही आकड्यांतले. यात काही दिसतंय?”

“सगळीकडे सत्त्याण्णव दिसतंय.”

“सत्त्याण्णव, साडेसत्त्याण्णव, जवळजवळ सत्त्याण्णव. अडुसष्ट माणसं. व्यक्तिभेदाच्या परिषदेला येणारी. आणि भेद नाही.”

मामा चहाचे कप उचलत होते. “मॅडम, मी बोलू?”

“बोला.”

“मी ‘संतुलित’ होतो ना, तेव्हा अगदी असाच होतो. अठराव्याला ‘कधी कधी’, एकतिसाव्याला ‘क्वचित’. या मंडळींना तुमच्या पेपराची उत्तरं आधीच ठाऊक आहेत. जन्मभर असलेच पेपर काढलेत त्यांनी.”

“म्हणजे हे सगळे खोटं बोलले म्हणता?”

“खोटं नाही. फोटो काढताना माणूस पोट आत घेतो, तसं.”

मॅडमनी तक्त्याकडे पाहिलं. त्यांना ते कळलं होतं, मामांच्याही आधी कळलं असावं. पण अकरा वर्षं परिचराच्या एका वाक्याने कोण सोडून देईल? त्या म्हणाल्या, “मामा, कप न्या.” आणि दशांश चिन्हापुढे तीन अंक घेऊन, बारीकातला बारीक फरक धरून जोड्या लावल्या. सोबत लेखी आदेश काढला: विभागप्रमुखांच्या सहीशिवाय कोणाचीही खोली बदलू नये. खाली आम्हा सर्वांच्या वाचल्याच्या सह्या घेतल्या. मामांनीही केली.

पाहुणे आले त्या दिवशी वसतिगृहाच्या दाराशी माझं टेबल होतं. मी पावती फाडायची, खोल्यांच्या रजिस्टरमध्ये नाव लिहायचं आणि मामांनी बॅग उचलून पाहुण्याला वर न्यायचं. तीन मजले, लिफ्ट नाही. मामांच्या वयाकडे बघून मी म्हटलं होतं की हमाल बोलावू. ते म्हणाले, “नको, मला तेवढंच फिरणं होतं.” साठीला टेकलेला माणूस अडुसष्ट बॅगा हौसेने वाहतो म्हणतोय, तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

साधारण अकरावा पाहुणा वर गेल्यावर माझ्या लक्षात आलं की यादीत लिहिलेली किल्ली खिळ्यावर तशीच आहे आणि भलतीच गेली आहे. मामा खाली आल्यावर मी विचारलं, “बारा नंबर कोणाला दिला?”

“दोरीवाल्यांना.”

“कोण दोरीवाले?”

“बॅगेची चेन चांगली आहे, कुलूप आहे, तरी वरून नायलॉनची दोरी बांधलेली. हा माणूस झोपण्याआधी कडी तीनदा बघणार. त्यांच्याबरोबर मघाचे ते ठेवलेत, ज्यांच्या बॅगेतून टॉवेल लोंबत होता. त्यांना कडी कोण लावतो याचं सोयरसुतक नाही. उलट बरं, कोणीतरी लावतोय.”

“मामा, यादी आहे. लेखी आदेश आहे. तुमची सही आहे त्यावर.”

“आहे ना. तुम्ही पावत्या फाडा, भाऊसाहेब.”

“तुमचा अर्ज कुठे पडलाय, आठवतंय का?”

“गोळ्याखाली.” त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. “यादीप्रमाणे या दोरीवाल्यांबरोबर दुसरे दोरीवाले आहेत. सकाळपर्यंत एकमेकांची कडी तपासत बसतील दोघं. मग पाहुणे उठून मॅडमच्या अंगावर जातील. परिषद नीट पार पडू दे म्हणाल्यात ना त्या?”

मला खोली नंबर पाच आठवली. मी लेखी तक्रार करायला हवी होती, नियम तोच आहे. मी काय केलं, तर ते रजिस्टर पेन्सिलीने लिहायला घेतलं. माझ्या आजवरच्या नोकरीत मी पेन्सिलीने लिहिलेलं ते एकच रजिस्टर.

दिवसभर ते बॅगा नेत होते आणि उतरताना मला एकेक सांगत होते. एका बाईंनी सगळं दोन-दोन आणलं होतं, दोन टॉर्च, दोन छत्र्या, दोन साबण. दुसऱ्या बाईंची बॅग इतकी हलकी की मामांना वाटलं रिकामीच आहे. दोघींना तेविसात ठेवलं. “एकीला मागायचंय, एकीला द्यायचंय. दोघी दोनवाल्या एकत्र आल्या असत्या तर कोणी कोणाकडे मागितलंच नसतं. दोघींचा दिवस वाया.” बॅग हातातून सोडायला तयार नसलेले तीन जण निघाले, त्यांना मामांनी तीन वेगवेगळ्या मजल्यांवर टाकलं. पिशवीचे पन्नास वजा करणारे प्राध्यापक आले, त्यांची बॅग वीस वर्षांची होती आणि एकही शिवण उसवलेली नव्हती. त्यांना एका फार खर्चिक दिसणाऱ्या, चार बॅगा आणणाऱ्या तरुण अध्यापकाबरोबर ठेवलं. मी म्हटलं, यांचं वाजणार. मामा म्हणाले, “एकाला उपदेश करायला माणूस नाही मिळालेला कधी, आणि दुसऱ्याला ऐकायची सवय आहे. त्याच्या बॅगा वडिलांनी भरल्यात. घड्या बघा ना.”

संध्याकाळी परिषदेचे अध्यक्ष आले. आम्ही त्यांना मोठे सर म्हणू. मोठं नाव, भरदार शरीर, ‘आत्मशिस्त’ या विषयावर त्यांची चार जाडजूड पुस्तकं आमच्या ग्रंथालयात आहेत. मामा त्यांची बॅग घेऊन गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. आले ते गालातल्या गालात हसत.

“काय झालं?”

“बॅग टिकटिकतेय.”

“म्हणजे?”

“तीन ठिकाणी टिकटिकतेय. तीन गजराची घड्याळं आहेत आत. भाऊसाहेब, या माणसाला सकाळी उठता येत नाही.”

मामांनी त्यांना एकोणिसात एका उंच, मितभाषी संशोधकांबरोबर ठेवलं होतं. त्या गृहस्थांच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात दात घासायचा ब्रश अगदी वर होता, सकाळी अंधारात चाचपडत काढणाऱ्याचा असतो तसा. दुसऱ्या दिवशी उद्घाटनाला मोठे सर पाच मिनिटं आधी हजर होते. त्यांच्याबरोबर आलेले दोन शिष्य त्यांच्याकडे भूत पाहिल्यासारखे बघत होते.

परिषदेत मी मागे उभा राहून ध्वनिक्षेपकवाल्याचं आणि चहावाल्याचं काम बघत होतो, त्यामुळे बरेच निबंध कानावरून गेले. एकाने वक्तशीरपणावर निबंध वाचला आणि बावीस मिनिटं जास्त घेतली. एका बाईंनी सिद्ध केलं की अनोळखी सभागृहात माणसं मागच्या खुर्च्या आधी पकडतात. ते पुढच्या चार रिकाम्या रांगांना उद्देशून सांगावं लागलं. वेळ संपल्याची चिठ्ठी वक्त्याला द्यायचं काम मामांकडे होतं, पण चिठ्ठी ते थोड्यांनाच देत. कोणापुढे पाण्याचा ग्लास नेऊन ठेवत, की तो माणूस पाणी पिऊन आपोआप आवरतं घेई. कोणाच्या मागचा फळा पुसायला लागत. वक्तशीरपणावाल्यांवर मात्र चिठ्ठी, पाणी, फळा, काही चाललं नाही. तेव्हा मामा व्यासपीठाच्या कडेला जाऊन नुसते उभे राहिले आणि त्यांचं बोलणं अतिशय लक्ष देऊन ऐकायला लागले. दीड मिनिटात निबंध संपला.

तिसऱ्या दिवशी सकाळी सोबत्याला दिलेले गुण गोळा झाले. सरासरी आठ पूर्णांक सात. मॅडमना मी एवढ्या खुशीत कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मला स्वतः होऊन बसायला सांगितलं. मग त्या यादी पुढे घेऊन कोणत्या जोडीने किती गुण दिले ते लावायला लागल्या. आणि थांबल्या. यादीत जे दोघे एका खोलीत होते, त्यांनी गुण देताना भलत्याच माणसाचं नाव लिहिलं होतं. दुसरी जोडी बघितली, तेच. तिसरी, तेच.

“भाऊसाहेब, खोल्यांचं रजिस्टर आणा.”

मी आणलं. त्यांनी एक पान उलटलं, मग बोटाने अक्षरावरून घासून पाहिलं.

“हे पेन्सिलीने आहे.”

“हो.”

“तुम्ही? पेन्सिलीने?”

त्यांनी मामांना बोलावलं. मामा आले ते रुमालाची घडी करत, जणू चहाचं विचारणार आहेत.

“खोल्या कोणी बदलल्या?”

“मी बदलल्या, मॅडम. भाऊसाहेबांचा संबंध नाही. त्यांनी अडवलं होतं.”

“किती?”

“बत्तीस. दोन तुमच्या बरोबर होत्या, त्या ठेवल्या तशाच.”

मॅडमनी डोळ्यावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मामा, तीन तासांनी मी तिथे उभी राहून सांगणार होते की माझी मापनी चालते. हे गुण दाखवून सांगणार होते. तुम्हाला कल्पना आहे का, मी काय बोलून बसले असते?”

“हे नव्हतं आलं डोक्यात,” मामा म्हणाले. आणि खरंच नव्हतं आलं असावं. त्यांचा चेहरा पहिल्यांदा उतरला. “मला वाटलं, पाहुणे खूश तर तुम्ही खूश.”

“लेखी आदेश मोडलात तुम्ही.”

“हो.”

“तुमचा अर्ज इथे आहे.”

“हो.”

काचेचा गोळा आणि त्याखालचा कागद आम्हा तिघांच्या मधोमध होता. मामांनी त्याच्याकडे पाहिलं, पण हात जोडले नाहीत की मामींचं नाव काढलं नाही. उलट म्हणाले, “सतरा नंबर चुकला, मॅडम. तिथे दोन-दोन गुण पडलेत बघा. बॅग बघून ठेवले होते, पण बॅग मेव्हण्याची निघाली.”

मॅडमनी सतरा नंबर काढून पाहिला. दोन-दोनच होते. मला वाटतं तिथे त्यांना हसू आलं होतं. पण ते त्यांनी दाबलं आणि आम्हाला बाहेर जायला सांगितलं.

तीन तास मी माझ्या टेबलावर बसून होतो. मॅडमपुढे दोनच रस्ते होते. गप्प राहून आठ पूर्णांक सातचा निबंध वाचायचा. मग मामांनी केलेलं कोणाला कळणार नव्हतं, ताकीद देण्याचा प्रश्न नव्हता आणि मुदतवाढीवर सही करायला हरकत नव्हती. किंवा खरं सांगायचं. मग सगळ्या सभागृहादेखत आदेश मोडल्याचं उघड होणार, ताकीद द्यावी लागणार, आणि नियमाप्रमाणे दहा महिने गेले. मामा शेजारच्या बाकावर बसून पेन्सिलीला टोक करत होते. मी म्हटलं, “मॅडम गप्प राहिल्या तर बरं.” ते म्हणाले, “नाही राहणार. त्यांचा खडू बघितलात कधी? शेवटच्या नखाएवढ्या तुकड्यापर्यंत लिहितात, आणि चुकलं की डस्टर शोधत नाहीत, हाताने पुसतात.”

शेवटच्या सत्राला सभागृह भरलेलं होतं. मॅडम उभ्या राहिल्या आणि निबंधाचे कागद न उघडताच म्हणाल्या, “मी मापनी तयार करायला अकरा वर्षं घेतली. तुम्ही अडुसष्ट जणांनी ती प्रामाणिकपणे सोडवली असती, तर ती चालते की नाही ते आज कळलं असतं. तुम्ही सगळे सत्त्याण्णव टक्के एकसारखे आहात. समजूतदार, हलकी झोप नसलेले, दुसऱ्याच्या घोरण्याचा त्रास न होणारे, सकाळी प्रसन्न. मीही सोडवून पाहिली. मीही तशीच आहे.”

सभागृहात मागून हसू सुरू झालं आणि पुढपर्यंत आलं. मग त्यांनी खोल्या कशा लागल्या ते सांगितलं. काहीही वगळलं नाही, लेखी आदेशसुद्धा नाही. शेवटी दाराशी उभ्या असलेल्या मामांकडे हात केला.

आता प्रश्न मामांना यायला लागले. ध्वनिक्षेपक त्यांच्या हातात दिला तर त्यांनी तो आधी तपासून पाहिला, मग तोंडापासून हातभर लांब धरला.

“तुम्ही बॅगेत नेमकं काय बघता?” एका बाईंनी विचारलं.

“विशेष काही नाही. जिना चढताना माणूस आपल्या बॅगेकडे बघतो. माझ्याकडे कोणी बघत नाही. मग मला निवांत बघता येतं.”

“याचे निकष लिहून काढता येतील का? समजा, आम्हाला हे आमच्या संस्थेत वापरायचं असेल?”

“तिथे जिना आहे का?”

हसणं थांबेपर्यंत मोठे सर उभे राहिले. चार पुस्तकांच्या वजनाने बोलणारा माणूस. “हे सगळं मनोरंजक आहे,” ते म्हणाले, “पण शास्त्र म्हणजे कारण सांगता येणं. तुम्ही मला एकोणीस नंबरमध्ये, यांच्याच सोबत ठेवलंत. ते कशाच्या आधारावर? ठोस सांगा.”

मामांनी ध्वनिक्षेपक तोंडाजवळ घेतला. “सांगू का, सर? इथेच?”

शेजारचे उंच संशोधक छताकडे बघायला लागले. “नको,” मोठे सर म्हणाले. “चहाच्या वेळी बोलू.” आणि बसले.

त्यानंतर गंमत झाली. प्रत्येकाला दुसऱ्याचं कारण ऐकायचं होतं, स्वतःचं कोणालाच नको होतं. हात वर जात ते शेजाऱ्याकडे बोट दाखवत: “यांचं सांगा.” शेजारी म्हणे, “माझं राहू द्या, वेळ होतोय.” दोरीवाल्यांनी तर निघायच्या तयारीने सोबत आणलेली बॅग दोरीसकट बाकाखाली पायाने सरकवली. सत्र वेळेआधी आठ मिनिटं संपलं; तीन दिवसांत वेळेआधी संपलेलं तेवढं एकच. चहाच्या वेळी मोठे सर मामांना भेटले नाहीत. त्यांचा शिष्य मात्र भेटला आणि विचारून गेला की त्या उंच संशोधकांचा पत्ता मिळेल का.

सोमवारी सकाळी मॅडमनी मला बोलावलं. टेबलावर दोन कागद होते, दोन्ही त्यांच्या हातचे, दोन्हींवर तीच तारीख. एक, लेखी आदेश मोडल्याबद्दल परिचरांना ताकीद. दुसरा, त्याच परिचरांना दहा महिन्यांची मुदतवाढ. वर्षाची नाही, दहाच महिन्यांची, सेवा तीस वर्षांची होण्यापुरती.

“मॅडम, ताकीद असेल तर मुदतवाढ देता येत नाही,” मी म्हटलं. “आधीच्या बारा महिन्यांत असता कामा नये.”

“नियम मला माहीत आहे. ताकीद मी देणार, मोडलाय त्यांनी आदेश. ती न देता मला त्या सभागृहाला तोंड दाखवता येणार नाही. आणि दहा महिनेही देणार.” त्यांनी दोन्ही कागद माझ्याकडे सरकवले. “जावक क्रमांक टाकणं तुमचं काम आहे, भाऊसाहेब. मी त्यात कधी लक्ष घातलेलं नाही.”

मी टेबलावर आलो. जावक रजिस्टर उघडलं, या वेळी पेन घेतलं. क्रमांक चारशे बारा, वेळ अकरा वाजता: मुदतवाढ. त्या क्षणी मागच्या बारा महिन्यांत मामांना एकही ताकीद नव्हती, हे सेवापुस्तक पाहून मी शेजारी लिहिलं, खाली सही केली. मग सावकाश चहा घेतला. ग्रंथपाल काहीतरी विचारायला आले होते. दोन महिन्यांनी आमचं बोलणं झालं ते तेव्हाच. सव्वाअकराला क्रमांक चारशे तेरा टाकला: ताकीद.

मामांनी पहिला कागद वाचून खिशात ठेवला. दुसरा उभ्याने दोनदा वाचला.

“अक्षर काय सुंदर आहे मॅडमचं,” म्हणाले. “हा घरी नेऊ का? तिला दाखवतो. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला रागावल्याचं लेखी आहे. ती म्हणते, तुमच्यावर कोणी रागवतच नाही, म्हणून तुम्ही असे.”

“प्रत न्या,” मी म्हटलं. “मूळ कागद सेवापुस्तकात लागतो.”

पुढच्या वर्षी नोव्हेंबरअखेर मामा पूर्ण पेन्शनवर निवृत्त झाले. मॅडमनी मापनी पुन्हा लिहायला घेतली आहे. आता तिच्यात बाराच प्रश्न आहेत आणि एकही झोपेबद्दल नाही. मोठ्या सरांच्या शिष्याकडून अध्येमध्ये पत्र येतं, सर हल्ली किती वाजता उठतात ते कळवणारं.

बॅगा वर नेण्याची आणि खाली आणण्याची हमाली, दर पाहुण्यामागे दहाप्रमाणे सहाशे ऐंशी, मॅडमनी परिषदेच्या खर्चातून मंजूर केली होती. परिचराच्या कामात हमाली बसत नाही, असा आक्षेप लेखापरीक्षकांनी घेतला. मी दोनदा उत्तर पाठवलं, तिसऱ्याची पोच यायची आहे. सहाशे ऐंशी मामांचे अजून देणे आहेत.